रिकाम्या हंड्यांची रांग

विद्यापीठाच्या सामाईक संगणकावर मी रिकामे हंडे लावून रांग अडवली होती. हंडे म्हणजे काय ते पुढे सांगतो. त्यामुळे माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीचं काम अडलं, आणि तिनं मला सरळ विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. पहिली गोष्ट अज्ञानातून झाली असं मी बरेच महिने स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही. दुसरीसाठी तर माझ्याकडे तेवढंही कारण नव्हतं.

मी महाडला कॉलेजात भूगोल शिकवतो. पंचेचाळिशी उलटल्यावर पीएचडीला नाव घातलं ते काही ज्ञानाच्या ओढीनं नव्हे. त्याशिवाय बढती अडली होती आणि बरोबरीचे लोक पुढे निघून गेले होते. मुंबईचे माझे मार्गदर्शक माझ्याहून बरेच लहान. फार सभ्य माणूस. मला ‘सर’ म्हणायचे, आणि त्यानं मी जास्तच आक्रसायचो. विषय होता आमच्या भागातल्या ओढ्यांना येणारा पूर. पावसाचे आकडे, उताराचे आकडे आणि त्यांवरून पाणी कुठे कसं धावेल हे काढणारा एक प्रोग्राम. माझ्या लॅपटॉपवर तो सुरू केला की आतला पंखा घरघरायला लागायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहावं तर प्रोग्राम होता तिथेच. मार्गदर्शक म्हणाले, आपल्या ग्रुपला विद्यापीठाच्या क्लस्टरवर जागा आहे, तुमचंही खातं काढून देतो.

क्लस्टर म्हणजे एका थंड खोलीत रचून ठेवलेले, एकमेकांना जोडलेले पुष्कळ संगणक. ते कुणा एकाचे नसतात, सगळ्यांनी पाळीपाळीनं वापरायचे. ती खोली मी आजवर पाहिलेली नाही. महाडच्या विभागातल्या खुर्चीत बसून, एका काळ्या पडद्यातून मी तिच्याशी बोलायचो.

बोलायला शिकवलं ते त्याच जुन्या विद्यार्थिनीनं. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला एक वाडी आहे, तिथली ती. पदवीला माझ्या वर्गात होती. पुढे मुंबईला शिकली आणि माझ्या आधी त्याच मार्गदर्शकांकडे लागली. त्यामुळे वर्गात मी तिचा सर आणि ग्रुपमध्ये ती माझ्या पुढची, असा सगळा अवघड मामला होता. तिनं तो कधी अवघड होऊ दिला नाही. वाडीत मोबाइलची रेंज एका खडकावर चढून मिळवावी लागते, म्हणून गावी आली की ती एसटीनं महाडला यायची आणि आमच्या विभागातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर काम करायची.

पहिल्या दिवशी पासवर्ड लिहायला घेतला तर पडद्यावर काहीच उमटेना. मला वाटलं कीबोर्ड गेला. मी तो उलटा करून टेबलावर आपटला. ती हसली नाही. म्हणाली, “उमटत नाही सर, पण ते घेतंय. तुम्ही लिहा.”

आत गेल्यावर मी लगेच प्रोग्राम चालवायला निघालो, तर तिनं हात धरल्यासारखं थांबवलं. आपण शिरतो तो संगणक ही पडवी आहे, म्हणाली. इथे यायचं, काय हवं ते सांगायचं. काम आतल्या घरात होतं. पडवीत कुणी भात झोडायला घेतला तर बाकीच्यांनी जायचं कुठून? मला हे लगेच पटलं. तिची उदाहरणं मला पटायची, कारण ती माझ्याच मुलखातली होती. मीही वरंधच्या खालच्या एका गावातला. शिकून महाडात राहिलो एवढंच.

मग सॉफ्टवेअर. प्रोग्रामचं नाव लिहिलं की पडदा सांगायचा, अशी आज्ञा सापडत नाही. मी म्हटलं, मार्गदर्शक तर म्हणाले होते की सगळं तिथे आहे. आहेच, ती म्हणाली, पण भिंतीला टांगून ठेवलंय; मागितल्याशिवाय हातात येत नाही. त्या मागण्याला मॉड्यूल लोड करणं म्हणतात. एकाच सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारीशेजारी टांगलेल्या असायच्या. चुकीची काढली तर ती दुसऱ्या सॉफ्टवेअरशी भांडायची आणि पडदाभर तक्रारी. त्यातली एकही तक्रार मला समजायची नाही. मी त्यांचे मोबाइलवर फोटो काढून तिला पाठवायचो. ती खडकावर चढली की उत्तर यायचं.

शेवटी एक छोटी फाइल लिहायची. किती संगणक हवेत, किती वेळ हवेत, कुठली मॉड्यूल्स, कुठला प्रोग्राम. तिला जॉब म्हणतात. तो रांगेत सोडायचा आणि आपण आपल्या कामाला लागायचं. पाळी आली की काम आपोआप सुरू होतं. हे शिकवताना तिनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. इथे वापरलेला वेळ मोजत नाहीत, अडवलेला मोजतात, आणि तो आपल्या सगळ्या ग्रुपला मिळून दिलेल्या तासांतून कापला जातो. मी मान हलवली. समजलं नाही म्हणायची शिक्षकाला सवय नसते. खरं तर तेव्हा मी चष्मा पुसत होतो.

माझा जॉब रांगेत दिवसचे दिवस उभा राहायचा. परीक्षेच्या पर्यवेक्षणावरून येऊन पाहावं तर पाळी येऊन गेलेली असायची आणि जॉब पहिल्याच मिनिटाला मेलेला. कधी मॉड्यूलची ओळ राहिलेली, कधी फाइलचा पत्ता चुकलेला. दुरुस्त करून पुन्हा रांगेच्या शेपटाला. त्यात पेपर तपासणी, तपासणी समितीसाठी फायली रंगवणं, दाढेचं दुखणं. मी थकलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. पण तेव्हाचा मी कसा होतो ते सांगायचं तर दुसरा शब्द नाही. संध्याकाळी लॅपटॉप मिटताना मला वाटायचं, या वयात कुणी मला रांगेत उभं करू नये.

त्याच विचारात मला गावचा झरा आठवला. आमच्याकडे चैत्र-वैशाखात झऱ्याची धार तुटते. कातळाच्या खोबणीत पाणी हळूहळू साचतं आणि करवंटीनं उपसून हंडा भरावा लागतो. एक हंडा भरेपर्यंत बाई तिथेच बसलेली. म्हणून पहाटे जाऊन रिकामा हंडा रांगेत लावून यायचं. माणूस घरी, हंडा रांगेत. आई मला त्यासाठीच पाठवायची. हंडा लावला की आपली जागा पक्की, कुणी त्याला हात लावत नसे. लहानपणी मला तो फार मोठा न्याय वाटायचा.

मी तेच केलं. काहीही न करणारा जॉब लिहिला. परवानगी असेल तितके संगणक, असेल तितका वेळ मागायचा आणि आत गेल्यावर नुसतं झोपून राहायचं, बस. मूळ प्रोग्राम दुरुस्त झाला की त्या अडवलेल्या जागेत शिरून तो चालवायचा. पुन्हा रांग नको. मला याचा अभिमान वाटला होता, हेही लिहायला हवं. घरी बायकोला सांगितलं की मी मशीनलाही कोकणी हिसका दाखवला. तिनं विचारलं, “आणि दुसऱ्यांचं काय?” मी म्हटलं, तिथे पुष्कळ संगणक आहेत.

प्रोग्राम दुरुस्त काही होईना. मग मी एका हंड्याच्या जागी अनेक लावले. एकाची मुदत संपायच्या आत दुसरा. परीक्षांच्या धांदलीत प्रोग्रामला हात लावायलाही वेळ मिळत नव्हता, पण हंडे लावायला मात्र मी विसरत नव्हतो. ते आत झोपून राहिले आणि ग्रुपचे तास जळत राहिले.

तिचं काम याच दिवसांत होतं. तळीये गावावर दरड कोसळली त्यानंतर आमच्या भागात घरामागच्या डोंगराकडे बघायची नजर बदलली आहे. तिच्या वाडीच्या वरच्या अंगालाही भेगा गेल्या होत्या. अधिकाऱ्यांनी पाहणी केली, जागा बदलायला हवी म्हणाले आणि कुठे ते ठरवायचं वाडीवर सोडलं. जागा दोन होत्या. एक देवळाच्या खालची सपाटी, वाडीला लागून आणि पाण्याला जवळ. दुसरी लांबचा माळ. बायकांना खालची हवी होती, म्हाताऱ्यांना कुठलीच नको होती. ती म्हणाली होती, मी दोन्ही जागांच्या वरच्या उतारांचा हिशोब करून आणते. किती पावसात कुठली माती किती पाणी धरेल याचा नकाशा. तो घेऊन मी सभेत दाखवीन, मग तुम्ही ठरवा. सभा मे महिन्यातच शक्य होती. घरटी एक-दोन माणसं मुंबईला, ती फक्त तेव्हाच गावी असतात. आणि त्यांच्याशिवाय आमच्याकडे शेणाची गोवरीसुद्धा इकडची तिकडे होत नाही.

सभेच्या आठवडाभर आधी ती विभागात आली. तिचा जॉब रांगेत नुसता उभा होता आणि कारणाच्या जागी लिहून येत होतं की ग्रुपची मर्यादा संपली. उरलेल्या तासांत तिचं काम मावत नव्हतं. तिनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं, “सर, तुम्ही काही मोठं चालवलंय का?”

त्या क्षणी मला सगळं समजलं. चष्मा पुसताना ऐकलेलं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. मी म्हणालो, “नाही गं. मी कुठलं मोठं चालवतोय. मुंबईच्या मशीनवरच लोड असेल.”

ती ‘बरं’ म्हणाली.

ती चहाला गेली तेवढ्यात मी माझे सगळे झोपलेले जॉब काढून टाकले. आता होईल तिचं, असं वाटलं. पण गेलेले तास परत येत नाहीत. नंतर कळलं, ज्यांच्या ताब्यात क्लस्टर आहे त्यांना कारण कळवून मार्गदर्शकांनी वाढीव तास मागितले असते तर बहुधा मिळाले असते. म्हणजे त्या दिवशी एक वाक्य खरं बोललो असतो तरी पुरलं असतं. ते वाक्य मला त्या लहान वयाच्या सभ्य माणसासमोर कबूल करावं लागलं असतं, म्हणून बोललो नाही.

तिनं मार्गदर्शकांना फोन केला. ते परदेशात होते, पुढच्या तिमाहीचे तास जुलैत मिळतील म्हणाले. सभेला तिनं मलाही बोलावलं. तुम्हाला लोक ओळखतात, सोबत असलात तर बरं, म्हणाली. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

देवळाच्या मंडपात सभा. मुंबईची मंडळी अर्ध्या चड्ड्या घालून खांबांना टेकलेली, बायका कडेला. तिचा चुलता वाडीतला बोलका माणूस. त्यानं विचारलं, “काय गो, झाला का तुझा नकाशा?”

ती म्हणाली, नाही झाला. काम रांगेत आहे. अजून पाळी आली नाही.

“मुंबैची पोरं रजा टाकून आली, नि तुझा कंप्युटर आजून रांगेत हाय?” चुलता म्हणाला. “आमाला वाटला, रांगेत आमीच उभं ऱ्हातो.”

मंडप हसला. तीही थोडं हसली. मग एकजण म्हणाला की सरांना विचारा, सर आलेत. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी उभा राहिलो आणि म्हणालो की अशा कामांना वेळ लागतो, घाई करून चालत नाही. हे मी अतिशय शांत, शिक्षकी आवाजात म्हणालो. माणसांनी माना डोलावल्या. नकाशा नाही तर पुढच्या मे महिन्यात बघू, असं ठरलं आणि लोक जेवायला उठले.

उतरताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. पोलादपूर आलं, बस बदलायची होती. ती म्हणाली, “सर, तुमची बॅग विसरू नका.”

त्या पावसाळ्यात डोंगर खाली आला नाही. हे आधीच सांगतो, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा माझा हेतू नाही. पण जोराच्या पावसाचा इशारा आला की वाडीतली वरच्या अंगाची घरं कुलपं लावून खालच्या शाळेत येऊन राहायची. गुरं, गोधड्या, गॅसची शेगडी, सगळं घेऊन. तिचे आई-वडीलही त्यात. वडिलांना दम्याचा त्रास, शाळेची फरशी ओली. ती मुंबईहून धावत यायची, चार दिवस राहून जायची, पुन्हा यायची. महाडला पाणी चढलं नसेल तर विभागात डोकावायची. तिचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हणायचो, काळजी घे. घरं काही महिनाभरात उभी राहिली नसती, हे मी स्वतःला रोज सांगायचो. ते खरंच होतं. पण जागा ठरली असती तर निदान पत्र्याची शेड उभी राहिली असती, हेही खरं होतं. तेही सांगणारं मन माझंच होतं.

जुलैत तास मिळाले, तिचा जॉब चालला आणि नकाशा झाला. देवळाखालची सपाटी त्यात बरी दिसत नव्हती. लांबचा माळ बरा होता. तिनं तो मला दाखवला तेव्हा मी रंगांची स्तुती केली.

माझं पीएचडीचं काम तिथेच थांबलं. हंडे पुन्हा लावले नाहीत, खरा जॉबही सोडला नाही. त्या काळ्या पडद्यासमोर बसलं की पासवर्ड न लिहिताच मी लॅपटॉप मिटायचो. मार्गदर्शकांनी फोनवर चौकशी केली तर मी दाढ काढलीय म्हणायचो. एवढ्या दाढा माणसाला नसतात.

पुन्हा मे आला, पुन्हा सभा. या वेळी बोलावणं नव्हतं, मीच गेलो. लवकर पोचलो. ती झऱ्यावर आईबरोबर होती म्हणून तिकडे गेलो. कातळाशी हंड्यांची रांग लागलेली. तिची आई करवंटीनं पाणी उपसत होती. तिचा हंडा भरला, पुढची पाळी एका रिकाम्या पितळी हंड्याची. तिनं मान वर करून तो हंडा ज्यांचा त्यांच्या घराकडे हाक दिली. थांबली. पुन्हा एक हाक दिली. कुणी ओ दिली नाही. तशी तिनं तो हंडा उचलला, बाजूच्या दगडावर पालथा घातला आणि मागचा पुढे ओढला. रांग पुढे सरकली.

मी तिथेच खाली बसलो. लहानपणी मीच तर आईचा हंडा लावून झऱ्याच्या आसपास खेळत राहायचो, कारण आई बजावायची की हाकेच्या टप्प्यात राहा. नियमाचा हा दुसरा अर्धा भाग मी कुठे सांडून आलो होतो कोण जाणे. क्लस्टरवर मी फक्त पहिला अर्धा नेला होता.

मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. झोपलेले जॉब, लोड असेल म्हणालो ते, सभेतलं ते शांत बोलणं. ती ऐकत होती. तिच्या हातात कळशी होती आणि ती तिनं खाली ठेवली नाही.

“मला माहीत होतं सर,” ती म्हणाली. “रांगेत सगळ्यांची नावं दिसतात. तुमचं दिसत होतं. म्हणून तर विचारलं.”

मी विचारलं, मग मार्गदर्शकांना का नाही सांगितलंस.

“हाक मारली होती तुम्हाला. वाटलं, ओ द्याल.” मग म्हणाली, “कुणाचं नाव सांगून तास मागायचे, ते मला जमलं नाही. तेवढी माझी चूक.”

तिची चूक. मी म्हटलं, असं म्हणू नकोस, माफ कर. तिनं डोंगराकडे बघितलं. “माझी माफी मागून काय होणार? शाळेच्या फरशीवर झोपले ते वर मंडपात बसलेत.”

मंडपात तिनं नकाशा उलगडला, दोन दगड ठेवून भिंतीशी उभा केला. चुलत्यानं सुरुवातीलाच टोमणा मारला की यंदा कंप्युटरला पाणी मिळाला वाटता. लोक हसत असतानाच मी उभा राहिलो. या खेपेला शिक्षकी आवाज शोधला तरी मिळाला नाही. मी खांबाला हात लावला.

“मागच्या वर्षी नकाशा आला नाही, तो मशीनमुळे नाही आणि हिच्यामुळेही नाही,” मी म्हणालो. “माझ्यामुळे. त्या रांगेत मी रिकामे हंडे लावून ठेवले आणि हिनं हाक मारली तेव्हा ओ दिली नाही. इथं येऊन तुमच्यासमोर पण खोटं बोललो. त्यापायी तुमी पावसात शाळेत ऱ्हायलात. माझी चूक हाय. मला माफ करा.”